हरिभाऊंचं उलटं वाचन

हरिभाऊ पेठे वर्तमानपत्र उलटं धरून वाचत. ट्राममध्ये समोरच्या जर्मन आजोबांच्या मांडीवरचा पेपर ते आजोबांच्या आधी संपवत आणि वर "आल्झो, तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे," असं त्यांना जर्मनमध्ये सांगूनही टाकत. मी तेव्हा जर्मनीत विद्यार्थी होतो, शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असे.

साताऱ्याला त्यांचे वडील, तात्या, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत. जुळाऱ्यापुढे अक्षरं उलटीच असतात, त्यामुळे हरिभाऊंना लहानपणापासून तीच सवय. मुलानं छापखाना सांभाळावा ही तात्यांची इच्छा, आणि चिरंजीव निघाले जर्मनीला. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," तात्या म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं एक ओळ आली नव्हती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. डार्मश्टाटला अमेरिकन सैनिकांसाठी एक वर्तमानपत्र निघे. तिथे हरिभाऊ आधी हमाल होते. जुळवलेली शिशाची पानं ढकलगाडीवरून न्यायची, एवढंच काम. एकदा गाडी ढकलता ढकलता त्यांनी पान वाचलं. जनरलसाहेबांच्या फोटोखाली मजकूर होता, 'प्रदर्शनातला पहिल्या नंबरचा वळू.' वळूखाली जनरलसाहेबांचं नाव. ऐनवेळी इंग्रजी पळालं, तेव्हा हा गृहस्थ चक्क गाडीपुढे आडवा झाला. फोरमन ओरडतोय, आणि हे जमिनीवरून "नो जनरल! बैल! बैल!" शेवटी संपादक आला, त्यानं पान पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला. तिथून हरिभाऊ चढत गेले ते थेट जुळणीखात्याचे मुख्य झाले.

पण माणूस खुलला नाही. दर शनिवारी ते एक अंक साताऱ्याला पाठवत.

"अहो, तात्यांना इंग्रजी कुठे येतं?" मी विचारलं.

"वाचायला कोण पाठवतंय? छपाई बघतील."

पोस्टमन रिकाम्या हातानं गेला की "या, गेनाऊ," म्हणजे 'हो, बरोबरच आहे,' असं जर्मनमध्ये म्हणत ते टोपी चढवून कामाला जात. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

एका सकाळी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. टेबलावर त्यांचाच अंक परत आलेला होता. मथळ्यातल्या एका अक्षराभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, आणि समासात तात्यांचं अक्षर: 'हा खिळा झिजला आहे. बदल. थंडीत छाती जप.'

मला हायसं वाटलं. हरिभाऊ तर रडता रडता हसत होते.

"अरे, प्रत्येक अंक तपासत होते! इतकी वर्षं चूकच सापडेना, मग लिहिणार काय?"

आणि ते ती ओळ पुन्हा वाचू लागले. त्यांच्या हातात कागद सरळ धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.