मोडलेला साग आणि त्रेसष्ट गोल

एका जंगलात फुटबॉल खेळायचे. हसू नका. तुम्ही खेळता तेव्हा जनावरं हसतात का?

जंगलाच्या मधोमध माळ होता. माळाच्या अलीकडं एक रान, पलीकडं एक रान, आणि दोघांत मिळून डोह एकच. उन्हाळ्यात त्याचं पाणी गुडघाभर व्हायचं. मग पहिलं पाणी कुणी प्यायचं यावरून डोकी फुटायची. म्हणून जुन्या जनावरांनी ठरवलं, चैत्रात एक सामना खेळा. जिंकेल ते रान उन्हाळाभर सकाळी पाणी पिईल. हरेल ते दुपारनंतर. दुपारनंतर म्हणजे चिखल. पहिल्यांनी लोळून, घाण करून ठेवलेला.

चेंडू गवताचा. सुगरण विणून द्यायची. गोलाला खांब नव्हते. आपापल्या रानाच्या तोंडाशी दोन झाडं धरायची, त्यांच्यामधून चेंडू गेला की गोल. पंच अस्वल.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल. त्या खेळात बाजू बदलत नसत. तुम्ही अर्धा सामना झाला की इकडचे तिकडं जाता. तिथं तसं नाही. "दुसऱ्याच्या रानाची राखण करायला आम्ही काय त्यांचे नोकर?" असं दोन्हीकडचे म्हणायचे. फार मानी जनावरं.

सामन्यात गोल व्हायचा एक. फार तर दोन. लोक तेवढ्यावर खूश असायचे.

मग एका वर्षी आक्रीत झालं. पलीकडच्या संघात सात चितळं होती. त्यांचा म्होरक्या चित्रांगराव. ती सातही एकदम पुढं धावली. मागं कुणी नाही. सूर्य मावळला तेव्हा त्यांचे गोल झाले होते त्रेसष्ट. अलीकडच्यांचा एकही नाही.

सामन्याचं वर्णन करायला वारुळावर टिटवीबाई बसायच्या. त्या ओरडायला लागल्या, "खेळ बदलला! खेळ बदलला!" टिटवीला एक वाक्य सापडलं की झालं. वीस वर्षं ती तेच ओरडत होती.

पुढच्या वर्षी पुन्हा एकच गोल झाला. तुम्हाला वाटेल, आता बाई गप बसतील. छट! "बघा," त्या म्हणाल्या, "चित्रांगरावांच्या धाकानं सगळे गोल अडवायला शिकले. खेळ किती बदलला!"

म्हणजे गोल झाले तरी त्यांच्यामुळं, आणि थांबले तरी त्यांच्यामुळं. असा धंदा मिळायला नशीब लागतं.

चित्रांगरावांनी खेळ सोडला. ते व्याख्यानं द्यायला लागले. विषय एकच, 'सातांची लाट'. गळ्यात हार, समोर कोवळा चारा. ससे पाठ करायचे, मोर टिपणं काढायचे. ज्यांनी तो सामना पाहिलाच नव्हता ते सगळ्यांत जास्त सांगायचे.

आता त्या दिवशी अलीकडच्या गोलात कोण उभं होतं? धोंडोबा कासव. त्याचं नावच पडलं त्रेसष्टमामा. कुणाची पोरं चालायला शिकली की आधी त्याच्या पाठीवर दगड मारून विचारायची, "मामा, चौसष्टावा अडवला का हो?" वीस वर्षं म्हातारा हे ऐकत होता. पाठ टणक होती म्हणून बरं.

अलीकडचं रान पुढं कधी जिंकायचं, कधी हरायचं. पण मागची पाच वर्षं सलग हरत होतं, एक-शून्य, एक-शून्य. त्यांचा कप्तान दंताजी रानडुक्कर. त्याला आठ पिल्लं. गेल्या उन्हाळ्यात चिखल पिऊन त्यातली दोन आजारी पडली. पाऊस आला म्हणून वाचली. दंताजीनं ठरवलं, यंदा पहिलं पाणी आपल्याला पाहिजे म्हणजे पाहिजे.

त्यानं सभा बोलावली आणि चित्रांगरावांना आणलं.

"अहो, पण हे पलीकडचे ना?" एका सशानं विचारलं.

"गुरूला बाजू नसते," चित्रांगराव म्हणाले आणि अलीकडचा चारा चावायला लागले. चारा संपल्यावर त्यांनी विद्या सांगितली. "सगळ्यांनी पुढं धावायचं. मागं कुणी ठेवायचं नाही. गोलात उभं राहणं म्हणजे भीती. आम्ही भीती काढली, म्हणून खेळ बदलला."

"आणि गोल?" दंताजीनं विचारलं.

"मोकळा ठेवायचा."

तेव्हा मागून धोंडोबा पुढं आला. त्याला पुढं यायला जरा वेळ लागला. सभा जांभया देत थांबली.

"गड्यांनो, एक सांगू का? त्या दिवशी गोलात मी होतो."

"माहीत आहे, मामा!" सगळे हसले.

"हसून घ्या. आपला गोल म्हणजे एक साग आणि एक धावडा. बरोबर? त्या सामन्याच्या आदल्या दिवशी वळीव झाला. साग बुंध्यात मोडला. अस्वल म्हणालं, बुंधा म्हणजे झाड नव्हे, पुढचं झाड धरा. पुढचं झाड मोहाचं. वीस पावलं लांब. हरणाची वीस. माझी किती ते विचारू नका."

ससे मनातल्या मनात पावलं मोजायला लागले.

"एवढ्या रुंद गोलात त्रेसष्ट काय, आंधळ्या घुबडानंही मारले असते. आपण बाजू बदलत नाही, म्हणून तो रुंद गोल दिवसभर आपल्याच वाट्याला. पावसाळ्यात बुंध्याला फुटवा आला, तो हरणाच्या शिंगांपेक्षा उंच झाला, अस्वलानं त्याला झाड म्हटलं. गोल पुन्हा अरुंद झाला. झालं! बदलला तो साग. खेळ होता तिथंच आहे."

टिटवीबाई मधेच किंचाळल्या, "जळतो म्हातारा!"

"चित्रांगराव, तुम्हीच सांगा," धोंडोबा म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही नेम धरत होता का?"

चित्रांगरावांनी मान वर केली. "नेम हा जुना विचार झाला, मामा. आम्ही दिशा धरायचो."

टाळ्या पडल्या. टाळ्या कुठल्या, खूर आपटले. पण जोरात.

"दंताजी, बाबा, तुझ्या पिल्लांसाठी सांगतो," धोंडोबा म्हणाला. "मला गोलात राहू दे. एक खाईन, नाहीतर तोही अडवीन."

"मामा, पाच वर्षं एक-एकच खाऊन हरतोय आपण," दंताजी म्हणाला. "आठ तोंडं आहेत माझ्या घरात. तू आता घरी बस."

सामन्याच्या दिवशी अलीकडचे सगळे पुढं धावले. रानडुकरं, ससे, सायाळ, झाडून सगळे. धूळ एवढी उडाली की टिटवीबाईंना काही दिसेना. तरी त्या वर्णन करत होत्या. पलीकडची दोन झाडं आपल्या जागी उभी होती, मधे सात-आठ पावलं. तिथं रानडुकरं एकमेकांत अडकली. चेंडू बाहेर आला. पलीकडच्या एका भेकरानं तो पायात घेतला आणि मोकळ्या माळावरून चालत चालत अलीकडच्या गोलात नेऊन ठेवला. चालत. घाई कशाची?

दिवसभर असंच. अकरा-शून्य.

"लाट उशिरा फुटते," जाता जाता चित्रांगराव म्हणाले. त्यांचा चारा आधीच खाऊन झाला होता.

वैशाख आला. चिखल आला. दंताजीचं धाकटं पिल्लू एका दुपारी डोहाच्या काठावर आडवं झालं, ते उठेना. धोंडोबाला डोहाच्या तळातला एक झरा ठाऊक होता. म्हाताऱ्यानं अख्खी दुपार माती उकरली, तेव्हा ओंजळभर स्वच्छ पाणी लागलं. पिल्लू ते प्यायलं. डोळे उघडले. उघडल्या उघडल्या म्हणालं, "त्रेसष्टमामा." पिल्लू जगलं. अक्कल बापाचीच.

दंताजी हे बघत होता. तो मान खाली घालून निघून गेला. दोन दिवस दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो धोंडोबासमोर येऊन उभा राहिला. सुळे मातीनं भरलेले.

"मामा, चुकलो. तू म्हणत होतास तेच खरं. सगळ्या रानाला पटवलं मी. ते गोल हरणांमुळं झालेच नव्हते."

धोंडोबाचे डोळे भरून आले. वीस वर्षं, बाळांनो! वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे बोललं होतं.

"ते साग मोडल्यामुळं झाले," दंताजी म्हणाला.

"शाबास, माझ्या वाघा! मग आता काय करणार?"

"करणार काय? केलं! दोन दिवस आम्ही मुळं उकरतोय."

तेवढ्यात मागं कडकड आवाज झाला. अलीकडच्या गोलाचा साग, वीस वर्षं वाढलेला, भरदार, माळावर आडवा झाला. ससे नाचायला लागले. टिटवीबाई ओरडल्या, "खेळ बदलला! खेळ बदलला!"

"आता बघ, मामा," दंताजी छाती फुगवून म्हणाला. "पुढच्या चैत्रात त्रेसष्ट गोल!"

धोंडोबानं पडलेल्या सागाकडं बघितलं. मग वीस पावलांवरच्या मोहाकडं बघितलं. मग दंताजीकडं.

"कुणाचे?"

दंताजीनं कान हलवला.

"थांब," तो म्हणाला, "चित्रांगरावांना विचारून सांगतो."

तात्पर्य : बाळांनो, खरं कितीही दाबलं तरी एक ना एक दिवस लोकांना पटतंच. म्हणून ते सांगत फिरू नये. झाडं तरी वाचतील.