मौनी राक्षस आणि फणसपोळी

उन्हात बसण्यापेक्षा राक्षस झालेलं बरं, असा निर्णय मी सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, आरोंद्याला, सासुरवाडीच्या पडवीत घेतला. घेताना तो अगदी लहान वाटला. (माझे सगळेच निर्णय घेताना लहान वाटतात. लग्नाचाही वाटला होता.)

झालं असं की, रजा काढून आम्ही कसालहून आरोंद्याला आलो होतो. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बरक्या फणसाचा रस सुपांवर आणि ताटांवर पसरून घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत घातला होता. झाडावरचा तो शेवटचा फणस. माझा मेहुणा गुरुदास मालवाहू जहाजावर नोकरीला. आठवड्याभरात तो परत जाणार होता आणि ती फणसपोळी त्याच्या पेटीतून निम्मी दुनिया फिरणार होती. तेव्हा तिच्यावर कावळे बसू नयेत, कोंबड्यांनी नाचू नये आणि मुख्य म्हणजे शेजारच्या पार्वतीकाकींच्या तांबूने, म्हणजे त्यांच्या गायीने, तिला तोंड लावू नये म्हणून राखणीला कोणीतरी हवं होतं. घरात बिनकामाचा मी एकटाच होतो.

"जावयबापू, तुमका जमात मा?" माईंनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी मला नारळ सोलताना विचारला होता, विहिरीतून कळशी ओढतानाही विचारला होता. दोन्ही वेळा जमलं नव्हतं. कळशी तर अजून विहिरीतच आहे.

मी काठी घेऊन निघालो, इतक्यात गुरुदास एक रंगीत खोका घेऊन पडवीत आला. जहाजावरचे लोक महिनोन् महिने पाण्यात असतात तेव्हा हा खेळ खेळतात म्हणे. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत; आत नुसतं एक पुस्तक आणि एक फासा. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपण काय करतो ते बोलायचं. अडेल तिथे फासा टाकायचा, मोठा आकडा पडला की जमलं. तो फासा वीस तोंडांचा होता. एवढ्याशा वस्तूला इतकी तोंडं कशी बसवली असतील, हे बघत मी कितीतरी वेळ तो उलटासुलटा करत राहिलो.

"म्हंजे नाटकच की रे," शेजारचा बाबली म्हणाला. तो दशावतारी कंपनीत राक्षसाचं काम करतो. "आमी तरी खंय पाठ करतंव? उबे रवतंव आणि बोलतंव. फक्त हयसर तोंड रंगवक नको."

माझी बायको शुभदा तलवार चालवणारी राजकन्या झाली. बाबली पुजारी झाला, कारण राक्षस होऊन त्याला कंटाळा आला होता. माई म्हणाल्या, "मी आपली म्हातारी." हेच त्यांचं पात्र. गुरुदासने मला हाताला धरून विहिरीपाशी नेलं.

"भावजी, तुम्ही साधू. पण खरे साधू न्हय. तुम्ही राक्षस. साधूचो वेष घेवन ह्यांच्याबरोबर गडार जातलास, आणि चोरलेल्या शंखापाशी पोचल्यार सगळ्यांका गिळतलास. मी डोळो मारीसर कोणाक सुगावो लागता नये."

"मी?"

"तुमच्या पोटात कायएक रवणा नाय, ता माका ठावक आसा. म्हणान साधूक मौन दिलंय. एक शब्द बोललास तर वेष गळान पडतलो."

त्याचं चूक नव्हतं. शुभदाला वाढदिवसाला अचानक द्यायची साडी मी दुकानात जायच्या आधीच तिला सांगून बसलो होतो. मी चपला कशा काढतो त्यावरून ऑफिसात काय झालं ते तिला कळतं. अशा माणसाला एवढं मोठं गुपित आयुष्यात प्रथमच कोणीतरी देत होतं. आणि खरं सांगतो, मला फार हाव सुटली. एकदा, फक्त एकदा, आपल्या बायकोने आपल्याकडे बघून दचकावं, एवढंच मला हवं होतं.

राहिली फणसपोळी. मी पडवीत दाराकडे तोंड करून बसलो. बसल्या जागेवरून खळं दिसत होतं. (राखण झाली आणि सावलीही झाली. हिशेब चोख होता.) बाकीचे गुरुदासकडे तोंड आणि खळ्याकडे पाठ करून बसले; गुरुदासच्या अगदी पुढ्यात बाबली, त्यामुळे त्यालाही खळं दिसत नव्हतं.

खेळ सुरू होणार तोच माई म्हणाल्या, "गाऱ्हाणा घालूक नको?"

आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय नवी होडी पाण्यात जात नाही आणि नवा चुलाही पेटत नाही. सासरे गेल्यापासून घरची गाऱ्हाणी माईच घालतात. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां खेळ मांडून बसली हत. तेंका यश दी. वाटेत काय वाकडातिकडा आसात ता बाजूक कर. आणि आमच्यात कोण रूप बदलून मिसाळलो आसात, तर तेचा तोंड बांध रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

 माईंना काही माहीत नव्हतं. त्या नेहमी असंच म्हणतात. पण देवाला तर माहीत होतं! आता होय म्हणावं तर मी माझ्याच तोंडाला दोरी लावत होतो आणि न म्हणावं तर तिथेच पकडला जात होतो. शेवटी मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने "होय म्हाराजा!" म्हटलं आणि घाम पुसला.

मग गुरुदास बोलू लागला. काय सांगू तुम्हाला! हाच मुलगा लहानपणी पाहुण्यांसमोर नाव सांगायला लाजायचा. आता त्याने नुसतं समुद्रातल्या त्या गडाचं वर्णन सुरू केलं आणि पडवी कुठल्या कुठे गेली. गावाचा शंख राक्षसाने चोरलाय, शंख वाजत नाही म्हणून धुक्यात गेलेल्या होड्यांना किनारा सापडत नाही, बायका वाट बघताहेत. आम्ही पायऱ्या चढत होतो. भिंतींना शेवाळ होतं. मला माझ्याच पाठीमागे लाटा ऐकू येत होत्या. आणि शुभदा? म्हावरेवालीशी एका बांगड्यावरून वाद घालणारी माझी बायको तलवार उपसून काळोखात सगळ्यांच्या पुढे चालली होती! मी तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत होतो. (मौनात आ करायला हरकत नसते.)

संशय आला तो बाबलीवर. बिचारा पुजारी होता, पण इतक्या वर्षांची सवय. तो साधा दिवा लावतानाही गडगडाटी हसला. शुभदाने लगेच त्याला बांधून घातलं. बाबलीनेही फार विरोध केला नाही.

नेमकी तेव्हा तांबू खळ्यात आली.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि शांतपणे पहिल्या सुपाला जीभ लावली. मी हात वर करून दाराकडे बोट दाखवलं.

"साधूम्हाराज वाट दाखयतत!" शुभदा ओरडली. "शंख थयच आसतलो. चला!"

सगळे गडावर मी दाखवलेल्या दिशेने निघाले. तिकडेच राक्षसाची गुहा होती. गुरुदास माझ्याकडे अशा काही आदराने बघू लागला की मला ओशाळल्यासारखं झालं. तांबू दुसऱ्या सुपाकडे वळली. मी दोन्ही हात हलवले. माईंनी तो आशीर्वाद समजून नमस्कार केला.

एक शब्द. नुसतं "हट्" म्हटलं असतं तरी फणसपोळी वाचली असती. पण मग वेष गळाला असता, आणि शुभदा म्हणाली असती, माका आधीच म्हायत होता.  शेवटी मी डोळे मिटून घेतले. फणस पुढच्या वर्षीही लागेल, राक्षस मात्र मला कोणी पुन्हा करणार नाही!

आम्ही शंखापाशी पोचलो. गुरुदासने डोळा मारला. मी उभा राहिलो, हात पसरले आणि डरकाळी फोडली.

म्हणजे फोडायला गेलो. एवढा वेळ गप्प बसून घसा पार सुकला होता. (की गाऱ्हाणं लागू पडलं होतं?) चहा मागावा तशा आवाजात मी म्हणालो, "मी... राक्षस आहे."

"गप बसा," शुभदा म्हणाली. "तुमचा मौन आसा."

"अगो, खरंच! मीच तो राक्षस!"

"भावजींका खेळ कळाक नाय," बाबली बांधलेल्या अवस्थेतच समजुतीने म्हणाला. "राक्षस मी आसंय."

शेवटी गुरुदासने आईची शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं. शुभदा हळूहळू माझ्याकडे वळली. तिच्या हातातला पंखा खाली पडला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि माका कळला नाय?"

दचकली हो ती! खरोखर दचकली. मला इतका आनंद बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मी फासा उचलला, टाकला, आणि वर वीस आले.

"सपला," गुरुदास हळूच म्हणाला. "राक्षसान सगळ्यांका गिळल्यान."

"थांब रे," माई म्हणाल्या. "गिळतलो कसो? गाऱ्हाणा घातलंय मा मी?"

"माई, बुकात तसाच लिवला हा..."

"तुझा बुक ठेव बाजूक." आणि त्या माझ्याकडे वळल्या. जावयाकडे नव्हे, राक्षसाकडे. "तू हय कधीपासून आसस रे?"

"हजार वर्षं झाली," मी म्हणालो.

"एकटोच?"

"एकटाच."

"कोणी कधी नारळ ठेवल्यान? नैवेद्य दाखयल्यान?"

"नाही," मी म्हणालो. हजार वर्षं त्या ओल्या गडावर एकटा! मला त्या राक्षसाचं एकदम फार वाईट वाटलं.

"मगे भुको जीव चिडतलोच," माई म्हणाल्या. "आयक. शंख आमचो आमका परत दी. तुका वर्साक एक नारळ आणि एक कोंबो. आजपासून तू ह्या गडाचो राखणदार. दारार बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांका संबाळायचा. मान्य?"

मी गुडघ्यांवर बसलो आणि माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "होय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले, बाबलीच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुदास पुस्तकाची पानं उलटीसुलटी करत राहिला. "इतक्या बंदरांत खेळलंय," तो म्हणाला, "सगळ्यांनी राक्षसाक मारल्यांनी. तेका नोकरी कोणी देवक नाय."

आम्ही सगळे भारावल्यासारखे बसलो होतो. माई चहाचं बघायला उठल्या, वाटेत खळ्याकडे नजर गेली आणि त्यांनी किंकाळी मारली. तांबू शेवटचं ताट चाटत होती.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मी मौनात होतो," मी म्हणालो.

"म्हंजे तुमका दिसत होती?" शुभदाने विचारलं.

"पहिल्या सुपापासून," मी म्हणालो. (पोटात काही राहत नाही, ते असं.)

दुसऱ्या दिवशी पार्वतीकाकींनी ओशाळून त्यांचा एक बरका फणस आणून दिला. पुन्हा रस, पुन्हा सुपं. माईंनी भर उन्हात खळ्यात पाट मांडला, त्यावर मला बसवलं, समोर नारळ ठेवला आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं: हो आमचो राखणदार, हेका बळ दी रे म्हाराजा. गुरुदास आणि शुभदा पडवीच्या सावलीत बसून "होय म्हाराजा" म्हणाले.

तांबू आली. मी वाटच बघत होतो. उठलो, दोन्ही हात पसरले आणि या वेळी घसा मोकळा होता. अशी डरकाळी फोडली की पलीकडून बाबली धावत आला. "वा भावजी! असो आवाज आमच्या कंपनीत नाय!"

तांबूने माझ्याकडे बघितलं, जवळ येऊन माझा घामेजलेला हात चाटला आणि पहिल्या सुपाला तोंड लावलं.

इतक्यात आत चुलीपाशी बसलेल्या माई नुसत्या खाकरल्या. तांबू शेपूट वर करून जी पळाली, ती थेट पार्वतीकाकींच्या गोठ्यात जाऊन थांबली.