रक्तगटाने हाक मारणारे बाळूकाका

आमचे शेजारी बाळूकाका कोणालाही नावाने हाक मारत नाहीत. रक्तगटाने मारतात. सकाळी जिन्यातून आवाज येतो, "ए निगेटिव्ह, पानी आलं का गो?" ती मी.

काका मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, आता बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये. त्यांची नात चिमी नऊ वर्षांची, बी पॉझिटिव्ह. तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी पालघरला नेऊन रक्त चढवावं लागतं. रक्त तपासलेलंच असतं. पण दात्याला रक्तातून पसरणाऱ्या रोगाची ताजी लागण झाली असेल, तर ती सुरुवातीला तपासणीत सापडत नाही, आणि चिमीच्या अंगात तर सतत नवनव्या माणसांचं रक्त जातं. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून काकांनी रक्तदात्यांवर पहाराच बसवला आहे.

न्हाव्याकडे ते स्वतःचं ब्लेड नेतात आणि वापरलेलं पुडीत बांधून परत आणतात. "काका, सोन्याचं आहे का?" न्हावी विचारतो. आम्हीही तो चिक्कूपणाच समजायचो.

यंदाच्या जत्रेत तर कहर झाला. आमच्या मजल्यावरचा नितीन, एमआयडीसीत कामाला असतो, तो गोंदवून घ्यायला बाही वर करून बसला होता. काका गर्दीतून घुसले.

"ऊठ रे बी पॉझिटिव्ह! ती सुई कोनाकोनाला टोचली, ठावं हाय?"

"काका, तिचं नाव काढतोय. लग्न ठरलंय."

"नाव काळजात ठेव. हातावर गोंदलंस तर वरीसभर तुजं रगत घेनार नाय. चिमीनं काय करायचं?"

"धंदा मत बिगाडो, चाचा," गोंदणारा करवादला.

काकांनी नितीनला ओढत नेलं आणि शेजारच्या मेंदीवालीपुढे बसवलं.

गेल्या रविवारी, जत्रेनंतर आठवड्याभरातच, आम्ही सोसायटीत रक्तदान शिबिर घेतलं. खाटा, पंखे, बिस्किटं, सगळं मी आदल्या दिवशीच लावून ठेवलं होतं. मनगटावर मेंदीचं नाव मिरवत नितीन पहिला आडवा झाला. काका त्याच्या उशाशी उभे.

"तुमचाही बी पॉझिटिव्हच ना?" मी म्हटलं. "साठीही झाली नाही अजून. झोपा पुढच्या खाटेवर."

काका हळू आवाजात म्हणाले, "चिमीला पयली पिशवी माजीच द्यायची होती. तपासनीत काविळीचा विषानू निगाला. औषद चालू हाय."

मला एकदम ती पुडी आठवली. "म्हणजे ते ब्लेड..."

"दुसऱ्याचं मला लागंल म्हनून नाय आनत मी. माजं कोनाला लागू नये."

मग ते नितीनकडे वळले. त्याच्या मुठीतला चेंडू त्यांनी वरून आपल्या हाताने दाबला.

"दाब, बाबा," ते म्हणाले. "तुजं चांगलं हाय."