रागाचा रोजा

विश्राम ताटावरून उठला. मस्कतला लेकीच्या घरी, लेकीने केलेले गरम घावणे ताटात तसेच टाकून तो हात धुवायला गेला. गावी, मिठबावला हा प्रकार अधूनमधून व्हायचाच. पण तिथे रागाने उठलेला माणूस शेजारच्या भिकाजीकडे जाऊन चहा पिऊ शकत होता. इथे रमजान चालू होता.

ठिणगी पडली ती जावयाच्या बोलण्याने. मितेश बिचारा कामावर निघताना एवढंच म्हणाला होता, "बाबा, खुशाल फिरा. पण बाहेर उघड्यार काय खाव नुको. पाणीसुद्धा नाय. हंयचो कायदो आसा."

"माका पाणी पिवक कोण अडवता ता बगतंय!" विश्राम कडाडला. "मगे रमजानात आमका बोलवल्यात कित्याक?"

त्यावर बायकोने, विमलाने, जे बोलू नये तेच बोलून टाकलं. "तारीख तुमीच धरलास. आपला चेडू श्रिया सांगत होता, ईद होवंदे, मगे येवा. तुमीच म्हणालास, शिमग्याच्या आदी जावन येवचा."

हे अक्षरन् अक्षर खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. गावचा शिमगा चुकवणं विश्रामच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. पण खरं बोलणाऱ्या बायकोला उत्तर काय देणार? "आता ह्या घरातलो कण मी तोंडात घेवचंय नाय," तो गरजला. "उद्याच्या इमानान घराक जातलंय. तू येवक होया तर ये!"

श्रियाचा चेहरा पडला. लग्नानंतर आईवडील पहिल्यांदाच तिच्या घरी आले होते. शिमग्यापर्यंत राहतील म्हणून तिने काय काय बेत आखले होते. लेकीचे भरलेले डोळे बघून विमलाच्या डोक्यातही तिडीक गेली. या माणसाच्या रागापायी किती बारशी, किती हळदीकुंकवं नासली होती! पण विश्रामशी भांडायला त्याच्याहून मोठा आवाज लागतो, आणि तसा आवाज अख्ख्या वाडीत कुणाकडे नव्हता.

सोमवार होता. सोमवारचा उपास विमला पाळायची; विश्राम पाळायचा तो फक्त राग. तो तणतणत घराबाहेर पडला, तशी तिने शेंगदाण्याचे लाडू पिशवीत टाकले आणि त्याच्यामागून निघाली. परक्या मुलखात याला एकटा सोडणं म्हणजे पोलिसांना ताप.

श्रियाने दोघांना समुद्राकाठच्या जुन्या बाजारात सोडलं. चहाच्या टपऱ्या बंद. हॉटेलांची दारं लावलेली. मासळीबाजारात मात्र हातभर लांब इसवणी, म्हणजे सुरमया, ओळीने मांडलेल्या आणि त्या तळून देणारा माणूस सूर्य बुडेपर्यंत मिळायचा नाही. मालवणी माणसाचा याहून मोठा अपमान जगात नाही. विश्राम इसवणीवर चिडला, उन्हावर चिडला, समुद्रावरही चिडला. दुपार कलली तशी ओरडायलाही घसा राहिला नाही. शेवटी तो काठावरच्या बाकावर बसला आणि मान फिरवून पुटपुटला, "पिशयेत काय आसा?"

"लाडू. उपासाचे. पण हंय उघड्यार..."

"उपासाचे ना?" विश्रामचे डोळे चमकले. "मगे कसलो कायदो? तेंचोय उपास, आपलोय उपास. उपासाचा खाल्ल्यार उपास मोडता खंय?"

विमलालाही यात चूक काही दिसेना. आजवर तीही तेच करत आली होती. विश्रामने लाडू ओठांपर्यंत नेला तोच मागून आवाज आला, "बाबा, रोज़ा है."

पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर नक्षीची टोपी आणि हातात जपमाळ घेतलेला एक म्हातारा उभा होता. तरुणपणी मुंबईच्या बंदरात काम केलेला, त्यामुळे हिंदी येणारा.

"हमारा भी रोजा है!" विश्राम उसळला. "सोमवार का! ये उपास का लाडू है!"

"रोज़े में लड्डू?"

"लाडू चलता है! साबुदाणा चलता है, बटाटा, केळा, वऱ्याचा तांदूळ, दूध, चाय... सब चलता है!"

म्हाताऱ्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग खऱ्या कुतूहलाने विचारलं, "तो नहीं क्या खाते?"

विश्रामने लाडू परत पिशवीत टाकला आणि बायकोवरच डाफरला, "बगलंस? ह्येका उपास म्हणतंस तू?" मग छाती काढून म्हाताऱ्याला म्हणाला, "मैंने सुबह से पाणी का थेंब भी नहीं पिया!"

हेही अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यामागचं कारण तेवढं त्याने सांगितलं नाही.

म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. "माशाल्लाह! तो आज मेरे साथ इफ़्तार करो. बस, थोड़ी देर है." तो शेजारी बसला आणि हसून म्हणाला, "मगर गुस्सा मत करो, भाई. गुस्से से रोज़ा ख़राब होता है."

ते ऐकलं मात्र, विमला सावरून बसली. तिने एकदा बुडत्या सूर्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर खोचला.

"तारीख तुमीच धरलास," ती म्हणाली. विश्रामचे कान लाल झाले. "जांवयाक उगीच बोललास. चेडवाक रडवलास. तुमच्या रागापायी मी माझ्या भाचयेच्या लग्नाक जावक नाय. बोला ना आता!"

विश्रामने तोंड उघडलं. म्हातारा त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. विश्रामने तोंड मिटलं. विमलाने अंगणेवाडीच्या जत्रेत झालेल्या भांडणापासून सुरुवात केली आणि अजान झाली तेव्हा ती कुठे त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत मागे पोचली होती.

म्हाताऱ्याने पहिला खजूर विश्रामच्या हातावर ठेवला, मग पाणी दिलं. पहिल्या घोटाला विश्रामच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. दुसऱ्या घोटाला घसा ओला झाला आणि आवाज परत आला. "आता माझा ऐक..." त्याने सुरुवात केली.

"कल भी रोज़ा?" म्हाताऱ्याने प्रेमाने विचारलं.

"हां, हां," विमलाच म्हणाली. "रोज!"

"ईद तक?"

"नाही. शिमगे तक."

तेवढ्यात श्रिया गाडी घेऊन आली. तिने भीतभीत विचारलं, "आई, उद्याचा तिकीट काडूचा काय?"

"काय नुको. बाबांचो रोजो आसा." मग विमला नवऱ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुमी, सगळो राग साठवून ठेवा. शिमग्याक कामाक येतलो."

ती दोघं ठरल्या दिवशीच परतली. त्या वर्षी मिठबावच्या होळीपुढे विश्रामने जी बोंब ठोकली, ती पलीकडच्या वाडीत ऐकू गेली. माडावरचे कावळे उडाले. भिकाजीने घाबरून विचारलं, "गो विमला, मस्कतात तेका झाला काय?"

"काय नाय," विमला म्हणाली. "उपास होते."