अर्पणपत्रिकेची साफसफाई

"बाबा, आज संध्याकाळी पुस्तक तुमच्या मित्राच्या फोनवर असेल. लिहून घ्या!" सूनबाईने छातीठोकपणे सांगितलं. ई-पुस्तकं बनवणं हे तिचं रोजचंच काम. सासरे नुसते हसले. जन्मभर भटारखान्यात राबलेला हा माणूस आठवणी लिहायला बसला तो एकाच आशेने. जोडीने चूल सांभाळणारा मित्र मिठावरून भांडून गेला होता, वर्षानुवर्षं बोलत नव्हता. पुस्तक वाचून तरी बोलेल! अर्पणपत्रिका होती, 'माझ्या जिवलग आचाऱ्यास.'

फाइल मात्र भयंकर होती. एकेका शब्दाला फॉन्टची चार-चार लेबलं चिकटलेली, जागोजागी रिकामे परिच्छेद. हाताने निस्तरायचं तर महिना गेला असता. सूनबाईने कोड साफ करणारं टूल लावलं, 'नको ते सगळं काढ' म्हणून बजावलं आणि चहा टाकायला गेली. परत येते तो फाइल लख्ख! बाईसाहेब इतक्या खूश, की पुन्हा न वाचताच पाठवून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून मित्राचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

"कोण रे आचार्य? भांडलो तेव्हाही हाच टोमणा मारला होतास, 'मोठे आचार्य लागून गेलात' म्हणून! आता पुस्तकभर तेच? 'आचार्यांनी कांदा चिरला', 'आचार्यांना शिंक आली'! लाज नाही वाटत?"

सूनबाईने फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. 'आचाऱ्या'तल्या र आणि य यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह होतं. टूलला तो कचरा वाटला. चिन्ह गेलं आणि पुस्तकातला झाडून सगळा आचारीवर्ग आचार्य होऊन बसला! टूलला काय बोलणार? वाचायचं काम तिचं होतं. म्हाताऱ्याची एवढी एकच आशा, तीही तिने धुऊन टाकली होती.

ती धावत आली. "बाबा, द्या इकडे. चूक माझी आहे, मी सांगते त्यांना."

सासऱ्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"गप," ते पुटपुटले, "बोलतोय तो." आणि मग फोनमध्ये ओरडले, "हो, टोमणाच आहे! आणि मीठ दोनदा तूच घातलं होतंस!"

"मी? थांब, उद्या घरी येतो आणि तोंडावर सांगतो!"

फोन ठेवून सासऱ्यांनी डोळे पुसले.

"आत्ता बसते, बाबा," सूनबाई हळूच म्हणाली. "सगळे आचार्य दुरुस्त करते."

"खबरदार!" सासरे कडाडले. "तो येऊन भांडून जाईपर्यंत त्या पुस्तकाला हात लावशील तर!"