साडेचार टनांचं माहेर

आमच्या तालुक्यात एखाद्या बाईचं माहेर ओढून तिच्या सासरी न्यायचं असेल, तर पिकअपची ओढक्षमता आधी माझ्याकडून तपासून घ्यावी लागते. एकोणीस वर्षं मी हेच काम करतो. लोक कंपनीच्या कागदावरचा आकडा बघतात आणि हुरळून जातात. तो आकडा सपाट रस्त्याचा असतो. घाट आला की दहावा हिस्सा कमी धरायचा, हे कुणी लक्षात घेत नाही.

बाजीराव लोखंडे मंगळवारी सकाळी आपल्या घराला चाकं लावून वजनकाट्यावर आले. त्यांची थोरली बहीण अनुसया घाटापलीकडे सासरी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी चार दिवस सांगितले होते. तिला एकदा माहेर बघायचं होतं.

आवारात दोन पिकअप उभ्या होत्या. धाकटीची ओढक्षमता चार टन, म्हणजे घाटात तीन टन सहाशे. थोरलीची सहा, घाटात पाच टन चारशे. घर भरलं साडेचार टन.

"थोरलीच द्या साहेब," बाजीराव म्हणाले. "काय बी मागं ऱ्हायला नको."

त्यांचं बरोबर होतं. पण वजन कुठे किती आहे ते मला लिहावं लागतं. मागची बाजू, स्वयंपाकघर, माळा, सगळं रीतसर भरलं. एकट्या उंबऱ्यापाशी मात्र काटा साडेनऊशे किलो दाखवत होता.

"लाकूड कसलं?"

"सागाचं."

"साग एवढा भरत नाही, लोखंडे."

ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. "बावीस वर्सं झाली. वाटणीवरनं भांडलो. आक्काला म्हणलो, पुन्यांदा या घराचा उंबरा चढू नगंस. तवापासनं ती आली न्हाई."

मी बोललेल्या शब्दांच्या वजनाचं कोष्टक काढून बघितलं. सख्ख्या बहिणीला, दारात, भावानं. वजन जुळत होतं.

"हरकत नाही," मी म्हणालो. "थोरली गाडी त्या शब्दासकट ओढेल. अगदी आरामात."

बाजीराव बराच वेळ थोरल्या पिकअपकडे बघत राहिले.

"त्ये तिच्या दारात कशाला न्यायचं?" ते म्हणाले. "धाकटी द्या."

आणि त्यांनी पहार मागितली. साठीचा माणूस घामाघूम झाला, पण कुणाला हात लावू दिला नाही. उंबरा निघाला. तो बाजूला सरकवायला आठ माणसं लागली. घर पुन्हा तोललं. तीन टन साडेपाचशे. मी धाकटीचा परवाना दिला आणि नियमाप्रमाणे सोबत गेलो.

घाटात धाकटीनं घर विनातक्रार ओढलं. दुपारी दाराला दार लावून घर उभं केलं. सुनेनं अनुसयाबाईंची चाकांची कॉट ढकलली, ती न अडखळता सरळ माजघरात गेली.

बाईंनी छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, मग दाराकडे.

"उंबरा कुठं रं, बाजी?"

"काढला, आक्का."

त्यांनी हात खाली सोडून कॉटचं चाक चाचपलं. मी कागद चाळत राहिलो.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "चाकं अडली असती."

मग त्यांनी पोचपावतीसाठी अंगठा पुढे केला. घराच्या परतीची वेळ या रकान्यात सूर्यास्त छापलेलं असतं. ते मी खोडलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही.