प्रयोग क्रमांक सात : गाय

भोरजवळच्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात अधिकृत नोंदीनुसार तेवीस संगणक आहेत. त्यातले चौदा बंद, सात चालू असून धूळ बसू नये म्हणून झाकलेले, आणि एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये फुलदाणीशेजारी. विभागाचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, कारण इथे प्रोग्रामिंग वहीत करतात. या वहीला जर्नल म्हणतात. ती मागच्या वर्षीच्या मुलांकडून घेऊन उतरवायची, समासात सरांची सही घ्यायची, की झालं प्रॅक्टिकल.

आंबवड्याच्या शेफालीनं मागच्या वर्षीच्या गोरखचं जर्नल इमानेइतबारे उतरवलं आणि मग तिला दुर्बुद्धी सुचली. तिनं एका संगणकावरचं कापड काढलं आणि प्रयोग क्रमांक सात चक्क चालवून पाहिला. प्रयोग साधा होता. ‘गाय’ नावाचा क्लास लिहायचा, म्हणजे गाय कशी असते त्याचा नमुना. तो वेगळ्या फाईलीत मॉड्यूल म्हणून ठेवायचा, दुसऱ्या फाईलीत मागवायचा, त्या नमुन्यावरून कपिला नावाची एक गाय तयार करायची आणि तिला दिवसाचं दूध विचारायचं. सकाळी सहा लिटर, संध्याकाळी पाच. जर्नलात उत्तर होतं बारा. संगणक अकरा म्हणाला.

तिनं ते जाऊन विभागप्रमुख शिळीमकर सरांना सांगितलं. सरांचा चहा बशीतच राहिला.

“चालवलास? कुणाला विचारून?”

“सर, प्रॅक्टिकलच आहे ना ते?”

“तेरा वर्षं बारा येतंय. तेरा परीक्षकांच्या सह्या आहेत त्याच्यावर. तू त्यांच्याहून शहाणी?”

शेफाली गप्प बसली. वरव्याजवळच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, आणि प्रॅक्टिकल पास झाल्याचा कागद सोमवारी दाखवायचा होता. पण सरांना गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी तो संगणक नादुरुस्त ठरवला. दुसऱ्यावरही अकराच आलं, तिसऱ्यावरही तेच. तेव्हा साथ पसरल्याचं नमूद करून त्यांनी सातही संगणक कुलूपबंद केले आणि ‘उत्तर-विसंगती निवारण समिती’ नेमली. समितीनं प्रत्यक्ष गाईची पाहणी करायचं ठरवलं आणि टेम्पो करून आंबवडं गाठलं.

शेफालीची आई मंगल गोठ्यात शेण भरत होती. सरांनी गंभीरपणे तिला प्रयोग क्रमांक सात विचारला.

“सकाळी सा, सांच्याला पाच? अकराच की वो सर! ह्यात इचारायचं काय?”

“हे लेखी द्याल?”

“देते की. धाव्वीपतूर शिकलेय म्या.”

“पण बाई, तुम्ही बाह्य परीक्षक नाही,” सर हळहळले. अहवालात त्यांनी लिहिलं : ‘सदर गाय अभ्यासक्रमाशी सुसंगत नाही.’

शनिवारी खरे बाह्य परीक्षक आले. कुलूप निघालं. त्यांनी शेफालीच्या संगणकाचा पडदा पाहिला, जर्नल पाहिलं आणि घड्याळ पाहिलं.

“जुळत नाही. दहा मिनिटांत जुळवा, नाहीतर नापास.”

शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला संताप आला होता, आणि समोर सोमवारही दिसत होता. तिनं ‘गाय’ची फाईल उघडली, बेरजेच्या शेवटी ‘अधिक एक’ लिहिलं, जर्नलातही तेच घातलं आणि मॉड्यूल पुन्हा चालवलं. बारा.

“आता कसं!” परीक्षक खूश झाले. सरांनी समितीच्या अहवालात ‘गाय दुरुस्त झाली’ अशी नोंद केली आणि समिती विसर्जित केली. शेफालीला वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. समास निळ्या पेनानं आखल्याबद्दल एक कापला होता. सोमवारी ती कामावर रुजू झाली.

पुढच्या वर्षी शेजारचा स्वरूप तिचं जर्नल मागायला आला. पानं उलटता उलटता थबकला.

“ताई, हितं ‘अधिक एक’ कशाला गं?”

“उतरव गप,” शेफाली म्हणाली. आवाज हुबेहूब शिळीमकर सरांचा होता, आणि ते ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

हसलात? हसा. पण पहिल्या परिच्छेदातले संगणक एकदा मोजून या. तेवीस भरत नाहीत, बावीसच भरतात. तुम्ही ते वाचलंत, मान डोलावलीत आणि इथवर आलात. समासात तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे.